छापखान्यातील अर्धांगिनी

इंदूरच्या मराठी घरांत दुकान आणि संसार यांमध्ये पुष्कळदा एका पडद्याचेच अंतर असते. गृहिणी त्या पडद्याबाहेर येऊन गल्ल्यावर केव्हा बसू लागली, याची नोंद कोणी ठेवीत नाही. आमच्या धाकट्या बहिणीचे असेच झाले. तिच्या यजमानांचा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिकांची व मंडळांच्या अहवालांची मुद्रिते गेली २२ वर्षे तीच तपासते, जमाखर्चही तीच लिहिते. ऱ्हस्वदीर्घाची शंका आली की आम्ही, भाषा शिकविण्यात हयात घालवूनही, तिलाच विचारतो.

तिला दरमहा १५,००० रुपये वेतन द्यावे, असे मेहुण्यांच्या मनात आले. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही. मेहुण्यांचे त्याहून थोडे अधिक, म्हणून हा खटाटोप. आम्ही तिघे करसल्लागाराकडे गेलो. तेथे कळले, की पतीच्या धंद्यातून पत्नीला मिळालेले वेतन पुन्हा पतीच्याच उत्पन्नात मिळविले जाते. धंदा पत्नीचा व मदतनीस पती असला तरी न्याय तोच. १९६१ च्या कायद्यातील कलम ६४ चे हे तत्त्व २०२५ च्या नव्या कायद्यानेही कायम ठेवले आहे. म्हणजे एका हाताने खर्च लिहायचा आणि दुसऱ्या हाताने तोच जमेस धरायचा! सुटका एकच: जोडीदाराजवळ तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता हवी, आणि मिळकत निव्वळ त्या ज्ञानाची व अनुभवाची हवी.

"२२ वर्षे मुद्रिते तपासली, ती पात्रता नव्हे काय?" बहिणीचा हा प्रश्न आम्हांला रास्त वाटला. पात्रता म्हणजे पदवीच असे नव्हे, असा आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचा जुना निर्णय सल्लागारांनी सांगितला. पण तेवढ्यावर विसंबू नका, असेही बजावले. दवाखान्यात स्वागतिका व हिशेबनीस म्हणून काम करणाऱ्या एका डॉक्टरपत्नीचे वेतन मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांच्याच उत्पन्नात धरले होते. तेव्हा वेतन द्यायचे ते मुद्रितशोधनाचेच, बाहेरच्या माणसाला देतो त्याच दराने, बँकेतून. अवाजवी रक्कम अमान्य होते, आणि एका दिवशी १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्चही.

गोव्यात मात्र निराळेच. पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे ज्यांची संपत्ती सामाईक, त्या पतिपत्नींचे धंद्याचे उत्पन्न करासाठी निम्मे-निम्मे धरले जाते. पगार तेवढा ज्याचा त्याचा. पत्नी गल्ल्यावर बसते की नाही, हे तेथे कोणी विचारीत नाही. "मग आमचे लग्न मडगावीच लावायचे होते, दादा," असे बहीण म्हणाली, आणि ते निव्वळ थट्टेने म्हणाली असे आम्हांला वाटले नाही.

वेतन या महिन्यापासून सुरू झाले आहे. पुढे ते मानले जाईल की नाही, हे आज सांगता येत नाही. नेमणुकीचे पत्र मेहुण्यांनी स्वतः लिहिले; बहिणीने त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या. त्या लाल खुणांचे मुद्रितही सल्लागारांनी पुराव्याच्या फाइलीत लावून घेतले आहे.