दशावतार आणि डार्विन

डार्विनचा विषय निघाला की आपल्याकडे दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, सगळं थोतांड. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, शाळेत हे शिकवणं बदलायला हवं. देशातल्या तीन विज्ञान अकादमींना मग संयुक्त पत्रक काढून हे खोडावं लागलं.

दुसरा आवाज गोड असतो. "अहो, मत्स्य, कूर्म, वराह... आपल्या दशावतारात हे आधीच सांगितलंय!"

मला जास्त काळजी या दुसऱ्याची वाटते. मी देव मानतो. घरी गणपती बसतो, एकादशीही धरतो. म्हणूनच सांगतो, हा मेळ दोघांनाही महागात पडतो.

उत्क्रांती म्हणजे मासा, कासव, डुक्कर, माणूस अशी शिडी नाही. ते फांद्या फुटलेलं झाड आहे. कासव आपला पूर्वज नाही, लांबचा भाऊबंद आहे. इथे शेजारी कच्छमध्ये चार कोटी वर्षांहून जुने, चार पायांच्या देवमाशांचे जीवाश्म सापडलेत. म्हणजे जमिनीवरच्या प्राण्याचे वंशज पाण्यात गेले. अगदी उलटा प्रवास! आता काय म्हणायचं? अवतारांचा क्रम चुकला, की जीवाश्म खोटे? काहीच म्हणायची गरज नाही. कूर्मावतार ही मंदराचल पाठीवर पेलणाऱ्याची कथा आहे. ती जीवशास्त्र शिकवायला आलेलीच नाही.

अमेरिकेत २००५ साली डोव्हरच्या शाळेचा खटला गाजला. जीवसृष्टीमागे कुणी बुद्धिमान रचनाकार आहे, ही कल्पना विज्ञानाच्या तासाला आणू नका, म्हणून पालक कोर्टात गेले. त्यांच्या बाजूने उत्क्रांतीची साक्ष द्यायला उभे राहिले केनेथ मिलर. जीवशास्त्राचे प्राध्यापक आणि श्रद्धाळू कॅथलिक. पालक जिंकले, मिलर यांची श्रद्धा काही कमी झाली नाही.

आपल्याकडे मात्र २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. कारण दिलं, अभ्यासाचा भार. पुढे जीवशास्त्र न घेणाऱ्या पोरांना तो वर्गात भेटणारच नाही. मग त्यांच्यापर्यंत पोचेल काय? व्हॉट्सअ‍ॅपवरचा दशावतार.

तेव्हा मंडळी, पोरांना समुद्रमंथन रंगवून सांगा, आणि कच्छचा देवमासाही सांगा. फक्त एकाला दुसऱ्याचा पुरावा करू नका. विज्ञान उद्या नवा जीवाश्म सापडला की बदलेल, ते त्याचं कामच आहे. आपली श्रद्धा दर वेळी त्याच्यामागे फरफटत का न्यायची?