मिरचीची साल

वाळलेल्या मिरचीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र नांदतात. तिखटपणा असतो तो आतल्या पांढऱ्या गाभ्यात आणि शिरांत. रंग आणि चव असते ती सालीत. बियांना आपण तिखट म्हणतो, पण त्या गाभ्याला चिकटून असतात म्हणून तिखट लागतात. हे एकदा हाताला कळलं की स्वयंपाक बदलतो. गाभा किती ठेवायचा आणि किती काढायचा हे आपण ठरवायचं, साल मात्र सगळी वापरायची.

माझं माहेर गडहिंग्लजचं. संकेश्वरी मिरचीचा सौदा निघतो ते गाव. संकेश्वर तिथून जवळच, सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यात. लहानपणापासून मी मिरची कानानं पारखायला शिकले. मूठभर उचलून हलवायची, बिया खुळखुळल्या पाहिजेत, देठाजवळ मोडली की कट्‌कन आवाज आला पाहिजे. तिखटाला संकेश्वरी, रंगाला बेडगी, आणि उन्हाळ्यात सगळं भाजून डंकावर न्यायचं. कांदा-लसूण मसाला वर्षभर टिकतो तो मिरची अशी कोरडी असते म्हणूनच. देशावरच्या आमच्या स्वयंपाकात मिरचीचं पीठ होतं. ती ओली होते ती रश्शात पडल्यावर, तोवर तिची साल ओळखू येत नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे बंगालमध्ये, कोलकात्याजवळ बराकपूरला आले. इथे छावणी आहे, हवाई दलाचा तळ आहे, मत्स्य आणि ताग संशोधनाच्या केंद्रीय संस्था आहेत, त्यामुळे अधूनमधून मराठी घर भेटतं. पण स्वयंपाकघरातली माझी खरी ओळख झाली ती शेजारच्या काकीमांशी. त्यांच्याकडे शीळ-नोडा आहे, आपला पाटा-वरवंटाच, फक्त पाट्याला वर टोक असतं. त्या वाळकी मिरची रात्री पाण्यात टाकतात आणि सकाळी तिची लंका-बाटा वाटतात: लाल, गुळगुळीत, लोण्यासारखी. मग तेलात घालून ती परतत राहायची, तेल सुटेपर्यंत. त्याला त्या कषानो म्हणतात. त्या वाटणाला अंग असतं, ते रश्शाला धरून ठेवतं. आमच्या कोकणातल्या आणि गोव्याच्या बायका ओल्या खोबऱ्याबरोबर भिजवलेली मिरची वाटतात तेही हेच. घाटावरची मी, मला ते बराकपूरला येऊन कळलं.

म्हणून शिकागोहून बहिणीनं मेक्सिकन मिरच्या पाठवल्या तेव्हा मी त्यांना परकं मानलं नाही. ती पिल्सेनजवळ राहते, त्या भागात मेक्सिकन वस्ती जुनी आहे आणि दुकानांत मिरच्या पोत्यांतून असतात. पुडीत गुआहियो होती, लांब, गुळगुळीत, तांबड्या काचेसारख्या सालीची. आंचो होती, म्हणजे पिकून लाल झालेली आणि मग वाळवलेली पोब्लानो, रुंद, सुरकुतलेली, जवळजवळ काळी. पासिया होती, बारीक आणि लांब, आणि थोडी चिपोत्ले. चिपोत्ले म्हणजे पिकलेली हालापेन्यो धुरावर वाळवलेली. तिचा गर जाड असल्यानं नुसत्या उन्हात ती नीट वाळत नाही. आणि या मिरच्या खुळखुळण्यावरून पारखत नाहीत. तिकडची पारख उलटी आहे: मिरची चामड्यासारखी वाकली पाहिजे, मोडली तर ती जुनी.

कामाला लागायचं ते असं. मिरची ओल्या फडक्यानं पुसायची. कात्रीनं देठ कापायचा, उभी चीर देऊन सपाट उघडायची, बिया झटकायच्या आणि शिरा बोटानं ओढून काढायच्या. लोखंडी तवा मध्यम आचेवर. साल खाली करून मिरची पसरायची, उलथन्यानं दाबून धरायची, मनात पाच म्हणेपर्यंत, मग उलटायची आणि पुन्हा तेवढंच. आतली बाजू फिकट, तंबाखूच्या रंगाची होते, सालीवर बारीक फोड येतात, आणि वास बदलतो. कच्च्या मिरचीचा ठसका मागे जातो आणि सुकलेल्या फळाचा, मनुकेचा, किंचित कोकोचा वास येतो. इथेच थांबायचं. धूर निघाला तर ती मिरची टाकून द्यायची, कारण तो कडूपणा पुढे गुळानं जात नाही, टोमॅटोनं जात नाही. आपल्याकडे मिरची भाजताना खकाणा उठला, घर खोकू लागलं की भाजणी जमली असं समजतात. या मिरच्यांना तो नियम लावायचा नाही.

मग कडकडीत पाणी ओतून, वर ताटली ठेवून वीस मिनिटं. मऊ झालेल्या मिरच्या लसणाबरोबर वाटायच्या. भिजवणीचं पाणी आधी चाखायचं. कडसर असेल तर ओतून द्यायचं, नुसत्या मटणाच्या अळणी पाण्यात वाटायचं. गुआहियोची साल चिवट, म्हणून वाटण गाळणीतून दाबून गाळायचं. आंचोचा गर मऊ, तिला गाळणी बहुधा लागत नाही. शेवटी गाळलेलं वाटण गरम तेलात सोडायचं. ते तडतडतं, उडतं, विटकरी रंगाचं गडद होत जातं आणि कडेला लाल तेल दिसू लागतं. मेक्सिकोत हे मोले आणि साल्सा दोन्हींत करतात. काकीमा दारात उभ्या राहून बघत होत्या, त्यांना काही सांगावं लागलं नाही.

मला या सगळ्यात सर्वांत जवळचा वाटतो तो बिर्रिया. हालिस्को राज्यातला बोकडाचा रस्सा. बराकपूरला रविवारी सकाळी खासीच्या, म्हणजे बोकडाच्या मटणाच्या दुकानापुढे रांग असते आणि मांस फार चांगलं मिळतं, त्यामुळे तो इथेच करावा असं मला वाटतं. किलोभर मटणाला आठ गुआहियो, तीन आंचो, दोन टोमॅटो, सहा पाकळ्या लसूण, थोडं जिरं, तीन लवंगा, दालचिनीचा तुकडा, आणि तीन चमचे व्हिनेगर. ओरेगानोच्या जागी मी ओव्याची दोन पानं टाकते. वाटण मटणाला चोळून रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी झाकण कणकेनं बंद करून मंद आचेवर तीन तास. झाकण उघडलं की वर तरंगणारा लाल कट बघून कोल्हापूरकराला तांबडा रस्सा आठवल्याशिवाय राहणार नाही. जिभेवर मात्र दोन्ही वेगळे: तांबड्यात मसाला पुढे आणि मिरची त्याच्या खांद्यावर, बिर्रियात मिरची पुढे आणि लवंग-दालचिनी मागे. ती लवंग-दालचिनी मेक्सिकोत मुळात आशियातूनच गेली. 1565 पासून 1815 पर्यंत फिलिपिन्सहून आकापुल्कोला जहाजं जात होती. आणि मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याला उतरली, ती अमेरिकेतूनच.

आता बराकपूरच्या हवेबद्दल. हुगळी इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि जून ते सप्टेंबर स्वयंपाकघरातलं मीठही पाझरतं. माहेराहून आणलेली खुळखुळणारी संकेश्वरी आठवड्यात लुळी पडते. वाकणारी मिरची चांगली असते हे मेक्सिकन मिरचीला खरं, पण ओल खाऊन वाकलेली मिरची वेगळी. ती उघडून देठाच्या खालची पोकळी बघावी. तिथे करडी किंवा पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी आहे. भाजून ती जात नाही, बुरशीचं विष उष्णतेला दाद देत नाही. सबंध मिरची टाकायची, शेजारच्याही तपासायच्या. मी पावसाच्या आधी सगळ्या मिरच्या घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवते आणि लागतील तेवढ्याच बाहेर काढते.

पुडी संपते तेव्हा काय करायचं, हे मला नेहमी विचारतात. गुआहियोच्या जागी बेडगी बिनदिक्कत घ्यावी, त्यातही डब्बी, आखूड आणि गुबगुबीत. रंग जवळजवळ तोच आणि तिखटपणा सौम्य. फक्त तिचा गर पातळ, म्हणून संख्येनं दीडपट. झणझणीत आर्बोल या मेक्सिकन मिरचीच्या जागी लवंगी. चिपोत्लेच्या धुरासाठी नागालँडची चुलीच्या धुरात वाळवलेली राजा मिरची, पण नखाएवढा तुकडा, कारण हालापेन्योची तीव्रता काही हजार स्कोव्हिल आणि राजा मिरचीची दहा लाखांच्या आसपास. आंचोला मात्र आपल्याकडे जोड नाही. बेडगीत मनुका वाटून घालतात तो गोडवा वरवरचा लागतो, आंचोचा गोडवा पिकलेल्या सालीतूनच येतो. त्यामुळे आंचो संपली की मी बिर्रिया करत नाही, बेडगीची साल भाजून, भिजवून, वाटून, तेलात परतून साधं मटण करते. त्यात जिरं आणि लसूण सोडून काही घालत नाही.