चौकट नको, तीन बटणं पुरेत

सर्व्हर सांभाळणाऱ्याला सणवार नसतात, असं आमची आई म्हणते, आणि ते खोटं नाही. एका प्रयोगशाळेच्या तपासणी अहवालांचा सर्व्हर काही वर्षं आमच्याकडे होता. तो अडला की फोन यायचा, मग मी चवथीला मुरगावच्या घरी असलो तरीही. काम दोन मिनिटांचं, एक सेवा पुन्हा सुरू करायची. पण तोवर तिकडे कुणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट अडकलेला असायचा.

मग ठरलं, रात्रपाळीच्या माणसांसाठी ब्राउझरमध्ये एक पान बनवायचं. एक सहकारी म्हणाला, "रिकामी चौकट ठेवू. हवी ती कमांड लिहायची आणि चालवायची." आम्ही ते मानलं नाही. अशी चौकट म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या दारालाच टांगून ठेवणं.

आम्ही तीन बटणं ठेवली: सेवा पुन्हा सुरू करा, डिस्कवर किती जागा उरली ते पाहा, शेवटच्या नोंदी दाखवा. प्रत्येक बटणामागची कमांड आधीच ठरलेली. वेबसर्व्हरच्या खात्याला रूटचे अधिकार दिले नाहीत. 'सुडो'च्या यादीत फक्त सेवा सुरू करण्याची ती एकच कमांड लिहिली, शब्दाला शब्द.

नोंदी कोणत्या तारखेच्या हव्यात, एवढंच वापरणाऱ्याला विचारलं. तिथेच खरी मेख आहे. तारखेच्या जागी कुणी अर्धविराम टाकून पुढे फाइल पुसण्याची कमांड लिहिली आणि आपण ते सगळं जसंच्या तसं शेलच्या हाती दिलं, तर शेल दोन्ही कामं इमानदारीने करतो. म्हणून आधी ती तारीखच आहे ना हे तपासायचं, आणि मग शेलला मध्ये न घेता कमांड आणि तारीख वेगवेगळी द्यायची.

ही भीती पुस्तकी नाही. सप्टेंबर 2014 मध्ये 'शेलशॉक' उघडकीस आला. 'बॅश'मधला हा दोष 1989 पासून तिथे होता. जुन्या सीजीआय पद्धतीच्या वेबपानांमधून परका माणूस ब्राउझरच्या नावाच्या जागी कमांड लिहून ती सर्व्हरवर चालवू शकत होता.

आमच्या मुरगाव बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजाचा कप्तान कितीही अनुभवी असो, आत येताना बंदराचा पायलट जहाजावर चढतो आणि वाट दाखवतो. यात कप्तानावर अविश्वास नसतो. खडक आणि उथळ पाणी कुठे आहे हे पायलटला ठाऊक असतं. रात्रपाळीच्या माणसांवरही आमचा अविश्वास नव्हता. रात्री तीन वाजता झोपाळलेल्या हातून चुकीचं काही दाबलं गेलं तरी बिघडू नये, एवढंच पाहायचं होतं.

शिवाय पान फक्त आतल्या नेटवर्कवर, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, आणि कुणी कोणतं बटण कधी दाबलं याची नोंद. सुरुवातीला ही नोंद काहींना पाळत वाटली. पुढे एकदा सेवा कुणी बंद केली यावरून एका नव्या मुलावर बोट रोखलं गेलं, तेव्हा त्याच नोंदीने तो सुटला. त्यानंतर लॉगिन वेगळं कशाला, असं कुणी विचारलं नाही.