नरसाळ्यातला उजेड

एडवर्ड वेस्टनचं 'पेपर नंबर 30' हे ढोबळी मिरचीचं छायाचित्र पाहताना माझी नजर मिरचीच्या आधी तिच्यामागच्या पत्र्याकडे जाते. 1930चा ऑगस्ट महिना, कॅलिफोर्नियातलं कार्मेल. वेस्टनने ढोबळी मिरची एका पत्र्याच्या आडव्या नरसाळ्याच्या तोंडात ठेवली. आतल्या गोलाईवरून उजेड मिरचीवर परतत राहिला. त्यामुळे सावलीचा भागही मेला नाही आणि मिरचीच्या कडा मागच्या काळोखातून सुटून आल्या. त्या चित्राचं निम्मं श्रेय मी नरसाळ्याला देतो.

रंग असला की डोळा 'हिरवी' म्हणतो आणि पुढे सरकतो. कृष्णधवलात ती सोय नाही. घडी कुठे वळली, फुगवटा कुठे संपला, हे फक्त करड्याच्या चढउतारातून सांगायचं. त्यात मिरचीची साल तुकतुकीत. तिच्यावर थेट दिवा टाकला की पांढरा डाग पडतो आणि आकार तिथेच तुटतो. मऊ, पसरट उजेडच हवा. इतक्या जवळून सगळं रेखीव यायला लेन्सचं छिद्र अगदी बारीक करावं लागतं, म्हणून एक्स्पोजर लांबतं.

वेस्टन 8 बाय 10 इंचांच्या निगेटिव्हवरून कॉन्टॅक्ट प्रिंट काढत असे. निगेटिव्ह कागदाला चिकटवून उजेड द्यायचा. जेवढी निगेटिव्ह तेवढंच चित्र. चौकटीचा निर्णय कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर, उलट्या प्रतिमेकडे बघतच घ्यायचा. या शिस्तीपुढे मी आजही नमतो.

त्या मिरचीत अनेकांना माणसाची पाठ, दंड दिसतात. वेस्टनने असे अर्थ नाकारले होते, आणि मला त्याचंच पटतं. शरीर दिसलं की बघणारा मिरची बघायचं थांबवतो. काम झाल्यावर या मिरच्या घरात खाल्ल्या जात, हे मला फार आवडतं.

बर्लिनच्या कार्ल ब्लॉसफेल्टने विद्यार्थ्यांना नक्षी शिकवण्यासाठी झाडांचे कोंब छायाचित्रांत कित्येक पटींनी मोठे करून दाखवले. 1928चं त्याचं पुस्तक थक्क करतं, पण त्यातले कोंब मला ओतीव लोखंडासारखे वाटतात. त्यांच्यातला ओलावा हरवतो. छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅमचं 1925चं मॅग्नोलियाच्या फुलाचं चित्र तसं नाही. मुलं लहान होती, घर सोडता येत नव्हतं, म्हणून ती बागेतल्या झाडांकडे वळली. तिच्या पाकळीला हात लावला तर डाग पडेल, इतकी ती जिवंत आहे.

मी स्वतः केळफुलाची छायाचित्रं काढतो. त्याचा जांभळा रंग फिल्मवर जवळजवळ काळा उतरतो, म्हणून पाकळीवरची पांढुरकी भुकटी हाच माझा खरा आधार. केळफूल पुसायचं नाही, देठाला धरूनच उचलायचं. मागे कल्हईचं जुनं पातेलं आडवं ठेवतो. कल्हई थोडी मळलेली असावी. नवी असली तर तिच्यात समोरची खिडकी उमटते आणि पाकळीच्या कडेशी एक पांढरी चौकट येऊन बसते.