दोन नंबरचा माग

पहिला व्हिडिओ टाकला तेव्हा तो मी स्वतः नीट ऐकलाही नव्हता. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली आणि आमचं चौघांचं स्क्वाड दहा महिने उपाशी बसलं. २ जुलै २०२१ ला त्याचाच भारतीय अवतार, बीजीएमआय, आला तसा आम्ही पहिल्याच दिवशी उतरवून घेतला. आठवडाभरात मी एक चांगली मॅच रेकॉर्ड केली, खेळता खेळता मराठीत बोललो आणि व्हिडिओ टाकून झोपलो. सकाळी स्क्वाडमधल्या एकाचा फोन आला, "भावा, खेळ नाद खुळा झालाय. खरं गिरणीत बसून खेळलास काय?"

मग इयरफोन घालून ऐकलं. गोळीबार पत्र्याच्या डब्यात चालल्यासारखा येत होता. माझा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून यावा तसा पुसट होता. आणि या सगळ्याच्या वर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकच स्पष्ट आवाज होता: खटाक्-खट, खटाक्-खट.

आमचं घर इचलकरंजीत. पुढं घर, मागं पत्र्याची शेड आणि शेडमध्ये आण्णांचे आठ यंत्रमाग. माझी खोली आणि शेड यांच्यामध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीला लागून दोन नंबरचा माग. एका मागावर आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या पेटीतून त्या पेटीत फेकला जातो. असे आठ धोटे, दिवसाची पाळी आणि रात्रीची पाळी. जन्मापासून ऐकत आल्यामुळं आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही. उलट लाइट गेली आणि माग थांबले की घरातली सगळी झोपेतून उठून बसतात. माइकला अशी सवय नसते. त्याच्या कानावर पडेल ते तो टिपतो.

पहिली चूक फोनची निघाली. माझा फोन अँड्रॉइड ९ चा होता आणि त्यात स्क्रीन रेकॉर्डरला खेळाचा आवाज आतल्या आत घेता येत नव्हता. तो फोनच्या स्पीकरमधून बाहेर पडायचा, खोलीत फिरायचा आणि मग फोनच्याच माइकमधून परत आत यायचा, येताना पंखा, माग आणि पत्र्यावरचा पाऊस सोबत घेऊन. इयरफोन लावला तर खेळाचा आवाज रेकॉर्डच व्हायचा नाही. आतला आवाज थेट पकडायची सोय अँड्रॉइड १० पासून आली, हे कळल्यावर दिवाळीत फोन बदलला.

दुसरी चूक मी पैसे मोजून विकत आणली. मोठ्या गेमर मंडळींच्या टेबलावर दिसतो तसा यूएसबीवर चालणारा कंडेन्सर माइक मागवला. माइक चांगलाच होता, माझ्या खोलीसाठी फार चांगला. कंडेन्सर बारीकसारीक आवाजही उचलतो. एका रेकॉर्डिंगमध्ये मी "झोनमध्ये चला" म्हणतोय आणि मागं स्वयंपाकघरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यावर आई ताईला हाक मारतेय, इतकं स्वच्छ ऐकू आलं.

मग ऑडॅसिटी हे आवाजाच्या एडिटिंगचं सॉफ्टवेअर शिकलो. त्यात नॉइज रिडक्शन आहे: जिथं आपण बोलत नाही असा दोन सेकंदांचा तुकडा निवडून नमुना द्यायचा आणि तसला आवाज सगळीकडून काढून टाकायला सांगायचं. पंख्याची घरघर एका झटक्यात गेली. मला वाटलं, जिंकलो. पण ही युक्ती एकसारख्या चालणाऱ्या आवाजावर लागू पडते. मागाचा आवाज म्हणजे एकामागून एक ठोके, प्रत्येक ठोका नवा. ते काढायला मी कात्री जसजशी जोरात चालवली तसतसा माझाच आवाज मध्येमध्ये खाल्ला गेला. शेवटी मी पंचगंगेत डुबकी मारून कॉमेंटरी करतोय असं वाटायला लागलं, आणि ठोके तिथंही होतेच.

त्यावर उपाय म्हणून सगळ्याचाच आवाज वाढवला. तेही अंगलट आलं. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) या पातळीच्या वरचा व्हिडिओ ऐकवताना आपणहून खाली आणतं. म्हणजे मी चढवलेला आवाज त्यांनी उतरवला, आणि चढवताना शून्याच्या वर जाऊन कापल्या गेलेल्या लाटा मात्र तशाच फाटक्या राहिल्या. एकदा कापलेली लाट मागाहून खाली आणली म्हणून जुळत नाही.

जुलै २०२२ च्या अखेरीला बीजीएमआयही स्टोअरवरून गायब झाला. तो परत आला मे २०२३ मध्ये. मधल्या काळात नवं काही करावंसं वाटेना, म्हणून जुन्या मॅचेस काढून त्यांच्यावरच सराव करत बसलो. एका संध्याकाळी आण्णा चहा घेऊन खोलीत आले. त्यांनी कधी व्हिडिओ बघितला नव्हता. मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. दोन मिनिटं ऐकून त्यांनी तो काढला.

"तू बोलाय लागलास की बंदूक बी बोलाय लागत्या. मागं गाणं बी वाजतंय. समदी एकदम बोलल्यावर ऐकायचं कुणाचं?"

"आण्णा, गोळ्या चालल्यात तर आवाज येणारच की."

"मागाचं बघ. धोटा जातोय तवा फणी मागं असत्या. फणी पुढं येत्या तवा धोटा पेटीत जाऊन बसलेला असतोय. दोघं एकदम मधी आली तर धोटा अडकतोय, सूत तुटतंय, माग बंद."

कप उचलून ते गेले. मी वर्षभर माइकच्या किमती बघत होतो आणि माझा घोळ किमतीत नव्हताच. आवाज जास्त झाले होते असंही नाही. त्यांना पाळ्या लावून दिलेल्या नव्हत्या.

पाळ्या लावायच्या तर आधी धागे वेगळे हवेत. तोवर खेळ आणि मी एकाच फाइलमध्ये कालवलेले असायचो. भातात कालवलेली आमटी पुन्हा वेगळी निघत नाही, तसंच ते. आता खेळाचा आवाज फोनमध्ये आणि माझा आवाज सेकंडहँड लॅपटॉपवर, अशी विभागणी केली. दोन्ही जुळवायचे कसे? सिनेमावाले क्लॅप देतात. पण माझ्या फोनला बाहेरची टाळी ऐकूच येत नव्हती, तो फक्त आतला आवाज घेत होता. तेव्हा उलटं केलं. सुरुवातीलाच खेळात एक गोळी हवेत झाडायची आणि त्या वेळी इयरफोन माइकसमोर धरायचा. तीच गोळी दोन्हीकडं नोंदली जाते. एडिटिंगमध्ये दोन उंच रेघा एकाखाली एक आणल्या की काम झालं.

झालं असं वाटलं फक्त. पंधरा मिनिटांनंतर चित्र आणि आवाज एकमेकांपासून सरकायला लागले. तिसाव्या मिनिटाला मी मरून पडलोय आणि वरून माझाच आवाज सांगतोय, "डावीकडनं आला, डावीकडनं आला!" दोन रात्री गेल्यावर कारण सापडलं. फोन रेकॉर्ड करताना सेकंदाला फ्रेम एकसारख्या ठेवत नाही, काम वाढलं की कमी-जास्त करतो, आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्या एकसारख्या असतील असं धरून चालतं. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून फाइल एकदा ठरावीक फ्रेमरेटवर बदलून घेतली आणि मी वेळेत ओरडायला लागलो.

कंडेन्सर विकला आणि गायकाच्या हातात असतो तसा साधा डायनॅमिक माइक घेतला. तो लांबचं फारसं मनावर घेत नाही, पण त्याच्या तोंडाशी बोलावं लागतं. आधी मी हातभर लांब बसायचो, आता चार बोटांवर आलो. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण सहा डेसिबलनं वाढतो आणि माग आहे तिथंच राहतो. म्हणजे मागाला न हलवता त्याला मागं सारता येतं. एवढ्या जवळून बोलल्यावर नवी अडचण उभी राहिली ती आपल्या मराठीची. आमच्याकडं प्रत्येक वाक्यात 'भावा' येतो आणि 'भ' म्हणजे तोंडातून सुटलेला फुगा. 'फायर', 'भिंत', 'धर त्याला': प्रत्येक वेळी माइकवर धाडकन हवा आपटायची. माइकपुढं जाळी लावली, माइक तोंडासमोर न ठेवता ओठांच्या कडेला तिरका केला आणि ऐंशी हर्ट्झच्या खालचं सगळं गाळून टाकलं. त्या गाळणीत पन्नास हर्ट्झची विजेची गुणगुण बरीचशी गेली. राहिलेली का जात नाही ते लाइट गेली त्या दिवशी कळलं: बॅटरीवर ती येतच नव्हती. माझ्या लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा, अर्थिंग नसलेला होता. तेव्हापासून रेकॉर्डिंगच्या वेळी चार्जर काढून ठेवतो.

खोली घुमायची, तिच्यासाठी फोम घ्यायला निघालो होतो. ताई म्हणाली, "घरात कापड काय कमी हाय?" त्या महिन्यात भाव पडले होते आणि शेडच्या कोपऱ्यात ग्रे कापडाचे तागे पडून होते. ते मागच्या भिंतीला रचले, दारावर आजीनं शिवलेली जाड वाकळ टांगली. टाळी वाजवून बघितली तर ती हातातच विरली. महिनाभरात भाव सुधारला आणि माझी भिंत ट्रकमध्ये बसून गेली. वाकळ अजून आहे.

आता खरं काम, पाळ्यांचं. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतही माझा आवाज आला की खेळाचा आवाज आपोआप दबेल आणि मी थांबलो की परत वर येईल, अशी जोडणी करता येते. केली. गोळीबारात मी नीट ऐकू यायला लागलो. पण व्हिडिओ कंटाळवाणा झाला, आणि का ते कळायला वेळ लागला. या खेळात अर्धी मजा पावलांच्या आवाजात असते. जिन्यावर कुणी चढतंय, डाव्या कानातून उजव्या कानात सरकतंय, आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मी मात्र नेमका त्याच वेळी "कुणीतरी आलंय बरं का" असं सांगत होतो, आणि माझ्या बोलण्यामुळं पावलं दबत होती. जो पुरावा ऐकवायचा, त्याच्यावरच मी बसलो होतो. यावर कुठलं बटण नाही. पावलं आली की गप्प बसायचं, हे खेळतानाच शिकावं लागलं. पार्श्वसंगीतही तेव्हाच काढून टाकलं. त्याची पाळी कधी येतच नव्हती.

तयार व्हिडिओ मी आधी हेडफोनवर ऐकतो, मग फोनच्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात, भांडी घासली जात असताना. बघणारे तिथंच ऐकतात. भांड्यांच्या आवाजात वाक्य निसटलं तर ते पुन्हा दुरुस्त करतो.

शेवटची गोष्ट शांततेची. अडखळलेले शब्द, 'अं', 'म्हणजे' कापून काढले की मध्ये रिकाम्या जागा पडतात. त्या नुसत्या कोऱ्या ठेवल्या तर इयरफोन निघाल्यासारखं वाटतं, कारण बाकी सगळीकडं खोलीचा बारीक आवाज असतो आणि तेवढ्या जागी काहीच नसतं. म्हणून हल्ली रेकॉर्डिंगआधी अर्धा मिनिट गप्प बसून नुसती खोली टिपून घेतो आणि तीच त्या जागांत भरतो. खोली म्हणजे अर्थात भिंतीपलीकडचे माग, अगदी पुसट.

मागच्या वैशाखात आण्णा दोन दिवस पाहुण्यांच्या लग्नाला गडहिंग्लजला गेले होते. परत आल्यावर जेवता जेवता त्यांनी नवा व्हिडिओ लावायला सांगितला. हेडफोन घालून खाली मान घालून ऐकत राहिले. मला वाटलं, पावलं ऐकतायत. मध्येच हात वर करून म्हणाले, "थांबीव. हे कवा केलंस?"

"परवा रात्री. का?"

"दोन नंबरचा पट्टा घसराय लागलाय. मला कुणी बोललं न्हाई."

ताट तसंच ठेवून ते शेडकडं गेले. मी लॅपटॉप उघडला, खोलीचा तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा मोठा करून बघितला. बारीक रेघा ओळीनं उभ्या होत्या, सारख्या अंतरावर. मी मोजायला लागलो. सातव्या आणि आठव्या रेघेत केसभर जास्त जागा होती. पुढं पुन्हा एकदा, तशीच. तो तुकडा मी त्या व्हिडिओत अकरा ठिकाणी भरला होता आणि मला तो एकदाही ऐकू आला नव्हता.