समासातली पेन्सिल

यंदा दिवाळीच्या साफसफाईत नेरुळच्या आमच्या घराचा माळा उपसला, आणि पितळी डब्यांच्या मागून आजोबांचे ‘सार्थ वाग्भट’ निघाले. पुठ्ठा सुटलेला, कसरीने कडा खाल्लेल्या. “अहो, रद्दीवाला खालीच उभा आहे,” सौभाग्यवतींनी सुचवले. मी पुस्तक घेऊन गॅलरीत बसलो, तो चहा निवून गेला तरी उठलो नाही.

आजोबा कोकणात शाळामास्तर होते. आजीला दमा. शेजारच्या गावचे एक वैद्यबुवा तिला पुड्या देत. दोन पुड्यांत ती पुन्हा चुलीपाशी दिसे. पुडीत काय आहे ते मात्र बुवांनी कधी सांगितले नाही. सांगितले की गुण जातो म्हणे! एका पावसाळ्यात बुवाच गेले आणि पुडी त्यांच्याबरोबर गेली. मुलगा मुंबईस कारकून. त्यालाही बापाने अवाक्षर सांगितले नव्हते.

मग आजोबांनी पोस्टाने हा ग्रंथ मागवला. वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मराठीत आणले होते. संस्कृताची कवाडे किलकिली झाली ती अशा पुस्तकांनी.

वैद्यांची झाकली मूठ काही आपल्याकडेच होती असे नाही. लंडनच्या वैद्यमंडळाचा औषधसंग्रह लॅटिनात असे. निकोलस कल्पेपर नावाच्या औषधे बनवणाऱ्या गृहस्थाने 1649 साली तो सरळ इंग्रजीत उतरवला, आणि वैद्यमंडळी खवळली. त्याआधी 1558 मध्ये एका इटालियन ‘गुपितां’च्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर निघाले होते, त्यात औषधे, अत्तरे, रंग आणि मुरंबे एकाच पंगतीला! कल्पेपरने तर 1652 च्या आपल्या वनस्पतींच्या पुस्तकात झाडपाल्याला ग्रह वाटून दिले.

आजोबांनी कल्पेपरचे नावही ऐकले नसेल. पण त्यांच्या वाग्भटात एक जुने पंचांग घालून ठेवलेले सापडले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली पंचांग छापले, तेव्हापासून तिथी-नक्षत्र पाहायला जोशीबुवांची वाट बघण्याचे कारण उरले नाही. या पंचांगात दर महिन्याच्या पुष्य नक्षत्राभोवती पेन्सिलीने वर्तुळ होते. पुष्यावर मुळी काढली तर गुणकारी, ही तेव्हाची समजूत.

श्वासरोगाचा अध्याय उघडला. समासात आजोबांचे कोरीव अक्षर. ‘सुंठ, भारंगी. 8 दिवस. हे नव्हे.’ खाली, ‘काकडशिंगी, मधातून. रात्री झोप लागली. पण हे नव्हे.’ आणखी एके ठिकाणी, ‘वास तोच. चव निराळी.’ प्रथम मला हसू आले. मास्तर वाग्भटाची उत्तरपत्रिका तपासत होते! योगामागून योग, शेऱ्यामागून शेरा. अर्थ मराठीत होता, औषधांची नावे होती. पण बुवा पुडी बांधताना चिमूट कशाची टाकत, ते कुठल्या श्लोकात असणार?

अध्याय निम्मा झाला आणि शेरे थांबले. पुढचे समास कोरे. पंचांग पुन्हा चाळले. चैत्रापासून पौषापर्यंत वर्तुळे होती. माघ आणि फाल्गुन स्वच्छ.

चिपळूणला आत्या आहे, नव्वदी ओलांडलेली. तिला फोन लावला.

“आत्या, आजी कधी गेली गं?”

“मी दहा वर्षांची होते. माघ लागला होता,” ती म्हणाली. “का रे?”

खालून रद्दीवाल्याने पुन्हा हाक दिली. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले, आणि त्याला वर्तमानपत्रेच तेवढी दिली.