लांबची वाट, लवकरची पोंच

परगांवाचें अंतर सांगतांना आपले वाडवडील कोसांपेक्षां मुक्कामच अधिक मोजीत. पुढें आगगाडी आली आणि मैलांचे दगड प्रमाण ठरले. विमानाच्या युगांत मात्र तें जुनें मापच पुन्हां खरें ठरत आहे. दिल्ली ते सॅनफ्रान्सिस्को हा प्रवास त्याचा उत्तम दाखला होय. कॅलिफोर्नियाच्या त्या भागांत आज पुष्कळ मराठी कुटुंबांतील मुलें, लेकी व सुना राहत आहेत. तेव्हां हा प्रश्न केवळ भूगोलाच्या पुस्तकांतला नाहीं.

घरांत पृथ्वीचा गोल असल्यास या दोन शहरांमध्यें एक दोरा ताणून पाहावा. तो तिबेट, सैबेरिया व उत्तर ध्रुवाकडील समुद्र यांवरून जाईल आणि अंतर सुमारें १२,४०० किलोमीटर भरेल. परंतु दोरा जातो तेथून विमान जाईलच असें नाहीं. विमानांतील हवेचा दाब कांहीं बिघाडानें कमी झाल्यास वैमानिकास तत्काळ सुमारें तीन हजार मीटरपर्यंत उतरावें लागतें. तिबेटचें पठार तर सरासरी साडेचार हजार मीटर उंच! म्हणून विमानें सहसा त्यास वळसा घालतात.

एअर इंडियानें डिसेंबर २०१५ मध्यें ही सेवा सुरू केली, तेव्हां विमान पश्चिमेकडे अटलांटिक महासागरावरून जाई. वाट सुमारें १३,९०० किलोमीटर आणि वेळ सुमारें साडेसोळा तास. १६ ऑक्टोबर २०१६ रोजीं विमान प्रथमच पूर्वेकडे, पॅसिफिकवरून गेलें. ही वाट सुमारें १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे चौदाशें किलोमीटर अधिक. तरी तें साडेचौदा तासांतच पोंचलें! पाटीवर भागाकार करून पाहावा: पहिल्या वाटेनें तासास सुमारें ८४० किलोमीटर पडतात, दुसरीनें १,०५५.

विमान तेंच, मग हा वेग आला कोठून? जमिनीपासून सुमारें नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे प्रचंड झोत वाहतात. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानें फुगे सोडून ते १९२० नंतरच्या दशकांत मोजले होते. पण आपला अहवाल त्यानें एस्पेरान्तो भाषेंत प्रसिद्ध केल्यामुळें जगाचें लक्ष फारसें गेलें नाहीं. पूर्वेस जाणाऱ्या विमानास हा वारा मागून रेटतो, पश्चिमेस जाणाऱ्यास समोरून अडवितो. म्हणूनच परततांना विमान अटलांटिकवरून, पुन्हां पूर्वेकडेच निघे आणि जातां-येतां पृथ्वीप्रदक्षिणा पुरी होई.

त्या पहिल्या फेरीची आणखी एक गंमत आहे. विमान रविवारीं पहाटे चारच्या सुमारास दिल्लीहून निघालें, वाटेंत वाररेषा ओलांडून शनिवारांत शिरलें आणि पुन्हां रविवारींच सकाळीं सहा-साडेसहाला उतरलें. घड्याळें पाहिलीं तर प्रवास जेमतेम दोन-अडीच तासांचा; बसून अवघडलेल्या पायांना मात्र साडेचौदा तास पक्के ठाऊक!

यास्तव लेकीच्या घरीं निघालेल्या वृद्ध आईबापांसाठीं किलोमीटर मोजीत बसूं नये. निघण्याची व पोंचण्याची वेळ घ्यावी आणि दोन्हीं ठिकाणच्या घड्याळांतील फरक, उन्हाळ्यांत साडेबारा व हिवाळ्यांत साडेतेरा तास, जमेस धरावा. जें उरेल तेंच त्यांच्या गुडघ्यांस सोसावयाचें अंतर. औषधें, जेवण व मधून मधून उठून चार पावलें फिरणें यांचा बेत त्यावरूनच करावा. आणि परतीचा हिशेब निराळा मांडावा, कारण वारा दोन्हीं वेळां सारखाच साह्य करील असें नाहीं.